उत्तर मुंबईचा खासदार आणि एक बंद अहवाल

माझ्या आजोबांनी १९६२ च्या फेब्रुवारीत कृष्ण मेनन यांना मत दिलं आणि १९६७ मध्ये त्यांच्या विरोधात दिलं. तेव्हा ते घाटकोपरला दोन खोल्यांत राहायचे आणि आग्रा रोडवरच्या (आजचा एलबीएस मार्ग) एका कारखान्यात फिटर होते. पहिलं मत का दिलं, हे ते पटकन सांगायचे: ‘नेहरूंनी सांगितलं म्हणून.’ दुसऱ्या मताबद्दल विचारलं की थोडं थांबायचे. मग कधी म्हणायचे, ‘चीनमुळे.’ कधी म्हणायचे, ‘बर्वे चांगला माणूस होता.’ आणि एकदा, बहुतेक मी कॉलेजात असताना, म्हणाले, ‘तेव्हा सगळे म्हणत होते, आपला माणूस पाहिजे.’

एका मताची तीन कारणं. गेली काही वर्षं मला ही गोष्ट सतावते आहे, आणि त्याचं कारण माझी नोकरी आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे रात्री दोनला सिस्टिम पडली, तर सकाळी ती उभी करून कुणाची सुटका होत नाही. चार दिवसांत आरसीए लिहावा लागतो: काय झालं, कधी झालं, कुणाला आधीच माहीत होतं, अलर्ट आला होता तर कुणी म्यूट केला. तो सगळ्या टीमला वाचायला मिळतो. गंमत अशी की लोकांचं पाच मिनिटं पेमेंट अडकलं तर एवढं होतं, आणि १९६२ मध्ये माझ्याच उपनगराचा खासदार संरक्षणमंत्री असताना देश एक युद्ध हरला, त्याचा आरसीए अजून कपाटात आहे.

आपल्यापैकी बहुतेकांना हे माहीतच नसतं की ६२ च्या युद्धाचा राजकीय पत्ता अंधेरी-बोरिवली-घाटकोपर-मुलुंड हा होता. व्ही. के. कृष्ण मेनन मूळचे केरळचे, अर्धं आयुष्य लंडनमध्ये काढलेले, संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर तासन् तास बोलणारे. १९५७ मध्ये काँग्रेसने त्यांना उत्तर मुंबईतून उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत काँग्रेसचे भलेभले पडत होते, तरी मेनन निवडून आले आणि त्याच वर्षी संरक्षणमंत्री झाले.

१९६२ ची निवडणूक आली तेव्हा त्यांच्यासमोर आचार्य कृपलानी उभे राहिले. काँग्रेसचे माजी अध्यक्ष, गांधीजींचे जुने सहकारी, चौऱ्याहत्तरीच्या आसपासचे. ते बिहारमधला आपला मतदारसंघ सोडून मुंबईत आले, कारण त्यांना मेनन यांनाच पाडायचं होतं. एप्रिल १९६१ मध्ये लोकसभेत त्यांनी मेनन यांच्यावर घणाघाती भाषण केलं होतं. सैन्यात गटबाजी माजवली, बढत्यांत ढवळाढवळ केली आणि एकही गोळी न झाडता चीनला बारा हजार चौरस मैल भूमी घेऊ दिली, हा आरोप. स्वतंत्र पक्षापासून जनसंघापर्यंत सगळे कृपलानींच्या मागे उभे राहिले. दुसऱ्या बाजूला खुद्द नेहरू प्रचाराला आले आणि मेनन यांच्या विरोधातलं मत म्हणजे आपल्या विरोधातलं मत, असं सांगून गेले. दिलीपकुमार मेनन यांच्यासाठी सभा घेत होते. कृपलानींच्या बाजूची पोरं गल्लीबोळांत हिंदी घोषणा देत फिरायची: चिनी हल्ले करताहेत आणि मेननसाहेब झोपलेत, अशा अर्थाच्या. अमेरिकेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर मेनन यांचा चेहरा छापला. म्हणजे सीमेवर काय चाललंय, हा प्रश्न युद्धाच्या आठ महिने आधी उपनगरातल्या मतदारांसमोर नाव घेऊन मांडला गेला होता. जगात असं फार वेळा घडत नाही.

मेनन सुमारे एक लाख पंचेचाळीस हजार मतांनी जिंकले.

निवडणुकीच्या दोन महिने आधी, डिसेंबर १९६१ मध्ये, गोवा मुक्त झाला होता. गोव्यात पोर्तुगीजांचं मोठं सैन्य जमतंय, अशा बातम्या कारवाईआधी येत होत्या. प्रत्यक्षात तिथे सुमारे साडेतीन हजार सैनिक होते आणि कारवाई दीड-दोन दिवसांत आटोपली. टीकाकार म्हणाले, मेनन यांनी निवडणुकीची वेळ साधली. मला हा आरोप पूर्ण पटत नाही. पोर्तुगाल चौदा वर्षं बोलायलाच तयार नव्हता, आणि मराठी माणसाला गोवामुक्तीसाठी निवडणुकीचं कारण लागत नव्हतं. पण विजयाचा एक परिणाम झाला. आपलं सैन्य सज्ज आहे, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं असं त्यांना वाटलं. आजोबा म्हणायचे, ‘गोवा चुटकीसरशी घेतला, मग चीनचं काय एवढं?’

आता प्रश्न असा, की लोकांना काय माहीत नव्हतं?

अक्साई चीनमधून चीनने रस्ता बांधला आहे, हे दिल्लीला १९५७ मध्ये कळलं. संसदेला ते कळलं ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, लोंगजूला गोळीबार झाल्यानंतर. मधली दोन वर्षं बीजिंगशी पत्रं आणि निषेधखलिते चालू होते, पण देशाला पत्ता नव्हता. नेहरूंचा हेतू मला समजतो. त्यांना वाटत होतं की शांतपणे बोलून मार्ग निघेल, आरडाओरडा झाला तर निघणार नाही. पण गोष्ट फुटली तेव्हा लोकांना दोन धक्के एकदम बसले: चीनने जमीन घेतली, आणि आपल्या सरकारने ते लपवलं. त्यानंतर नेहरूंना तडजोड करायची सोयच उरली नाही. एप्रिल १९६० मध्ये चौ एन लाय दिल्लीत आले, बोलणी झाली आणि फिसकटली. जरा सरकले असते तर संसदेने फाडून खाल्लं असतं. लपवलेल्या गोष्टीचं व्याज असं चढतं. आम्ही याला टेक्निकल डेट म्हणतो, पण ते असो.

त्याच आठवड्यात, ३१ ऑगस्ट १९५९ ला, लष्करप्रमुख जनरल थिमय्या यांनी मेनन यांच्याशी पटत नाही म्हणून राजीनामा दिला. नेहरूंनी त्यांना तो परत घ्यायला लावला आणि नंतर संसदेत हा स्वभावांतला किरकोळ मतभेद असल्यासारखं सांगून विषय मिटवला. मोठा अलर्ट वाजला होता. तो म्यूट झाला.

नोव्हेंबर १९६१ पासून ‘फॉरवर्ड पॉलिसी’ सुरू झाली: चिनी चौक्यांच्या पुढे, मागे, मध्ये आपल्या छोट्या चौक्या उभ्या करायच्या. गृहीत धरलं होतं की चीन मोठी प्रतिक्रिया देणार नाही. गुप्तचर विभागाचे प्रमुख बी. एन. मलिक यांचा हाच अंदाज होता. प्रत्यक्ष तिथल्या अधिकाऱ्यांची मतं वेगळी होती, कारण रसद कशी पोचवायची हे त्यांना दिसत होतं. जून १९६२ मध्ये भूतानजवळच्या कोपऱ्यात, नामका चू नदीच्या काठी, धोला नावाची चौकी बसवली गेली. तिथे मॅकमोहन रेषा नकाशावर एका जागी होती आणि ती ज्या पाणलोटाच्या तत्त्वावर आखली गेली तो थाग ला डोंगर त्याच्या उत्तरेला होता. आपण म्हणत होतो रेषा डोंगरमाथ्यावरून जाते, चीन म्हणत होता नकाशा पाहा. भारताची बाजू चुकीची होती असं मी म्हणत नाही. पण ‘आपल्या निर्विवाद भूमीत घुसखोर’ एवढंच लोकांना सांगितलं गेलं. हा वाद आहे, हे कुणी सांगितलं नाही.

८ सप्टेंबरला चिन्यांनी धोला चौकी घेरली. दुसऱ्या दिवशी मेनन यांच्या दालनात बैठक झाली आणि चिन्यांना हुसकावायचं ठरलं. नेहरू तेव्हा परदेशात होते, पुढे मेननही संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीसाठी न्यूयॉर्कला गेले. लष्करप्रमुख जनरल थापर यांनी लेखी आदेश मागितला. २२ सप्टेंबरला तो मिळाला, संरक्षण मंत्रालयातल्या एका सहसचिवाच्या सहीने. युद्धाच्या तोंडावर देशाला नेणारा कागद, आणि त्यावर ना पंतप्रधानांची सही, ना संरक्षणमंत्र्यांची. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्याकडची एक जुनी पद्धत आठवली: शुक्रवारी संध्याकाळी धोक्याचा बदल लाइव्ह करायचा असेल, तर अप्रूव्हल नेहमी सगळ्यात ज्युनिअर माणसाच्या नावावर असतं.

नामका चूवर सातवी ब्रिगेड होती आणि तिचे प्रमुख ब्रिगेडियर जॉन दळवी. त्यांचे जवान मैदानी प्रदेशातले सुती गणवेश घालून हिमालयात उभे होते. माणशी पन्नासेक काडतुसं. नदी खाली, चिनी वर. जुन्या .३०३ रायफली. १० ऑक्टोबरला तिथे चकमक झाली. ईशान्येचे नवे कोअर कमांडर, लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल, यांनी ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि हुसकावून लावणं शक्य नाही हे त्यांना उमगलं. ते तडक दिल्लीला आले. ११ ऑक्टोबरच्या रात्री नेहरूंच्या घरी बैठक झाली. हल्ला करायचा नाही, आहे तिथे टिकून राहायचं, असं ठरलं.

१२ ऑक्टोबरला सकाळी नेहरू श्रीलंकेच्या दौऱ्यावर निघाले. विमानतळावर पत्रकारांनी विचारलं, सैन्याला काय आदेश आहेत? नेहरूंनी सांगितलं, आपली भूमी मोकळी करण्याचे.

या एका वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो आहे. नेहरू खोटं बोलले का? पूर्ण उत्तर वाचलं तर त्यांनी पुढे हेही म्हटलं होतं की तारीख सांगता येणार नाही, ते सैन्याने ठरवायचं. थंडी पडली आहे, आणि चिनी उंचावर मोठ्या संख्येने आहेत. म्हणजे जाणकाराला कळावं इतका इशारा त्यात होता. पण आदल्या रात्रीचा निर्णय त्यात नव्हता. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी पहिलं वाक्य उचललं, बाकीचं आत ढकललं. देशभर अर्थ एकच लागला: चिन्यांना हाकलायला सैन्य निघालं. २० ऑक्टोबरच्या पहाटे चीनने हल्ला केला. काही तासांत सातवी ब्रिगेड संपली. दळवी दोन दिवसांनी पकडले गेले आणि पुढची सुमारे साडेसहा वर्षं नव्हे, महिने – पण ते वर्षांसारखेच गेले असतील – चीनच्या कैदेत राहिले. त्यांनी नंतर लिहिलेलं ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक आजही मिळतं.

इराक युद्धाशी तुलना केली तर फरक दिसतो. तिथे बुश आणि ब्लेअर यांनी नसलेल्या शस्त्रांची भीती दाखवून लोकांना युद्धात नेलं. इथे नेहरू आणि मेनन यांना युद्ध नकोच होतं. त्यांनी नसलेल्या ताकदीचा भरवसा दिला. आणि लोक, वर्तमानपत्रं, विरोधी पक्ष, कृपलानींसकट, ‘पुढे जा, पुढे जा’ म्हणत राहिले, कारण पुढे जाता येत नाही हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोष सगळा वरच्यांचा, असं म्हणून मोकळं होता येत नाही, पण माहिती ज्याच्या हातात त्याची जबाबदारी मोठी, एवढं मी धरून चालतो.

मग हिशेब कुणी दिला?

३१ ऑक्टोबरला मेनन यांच्याकडून संरक्षण खातं काढलं, पण संरक्षण उत्पादन खातं देऊन मंत्रिमंडळात ठेवलं. काँग्रेसचेच खासदार खवळले. ७ नोव्हेंबरला त्यांना पूर्ण जावं लागलं. संसदेचं अधिवेशन युद्ध चालू असताना भरलं होतं, त्यात शेकडाभराहून जास्त सदस्य बोलले, आणि आजच्या काळात ही गोष्ट थोडी हेवा वाटण्यासारखी आहे. तेजपूरपर्यंत घबराट पसरल्यावर थापर यांनी राजीनामा दिला. पुढे ते अफगाणिस्तानात राजदूत झाले. कौल गेले. मलिक आपल्या जागेवर राहिले. नेहरूही राहिले. सरकारी आकड्यांनुसार १,३८३ जवान मारले गेले, १,६९६ बेपत्ता झाले, ३,९६८ कैद झाले.

आणि यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतो. २१ नोव्हेंबरला त्यांनी शपथ घेतली, त्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. या वाक्यात आपला अभिमान एवढा भरलेला आहे, की चव्हाणांनी पुढे काय केलं याकडे आपण बघत नाही. त्यांनी सैन्य पुन्हा उभं केलं, हे खरंच. पण अहवालाचं काय?

नवे लष्करप्रमुख जनरल चौधरी यांनी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंद्रसिंग भगत यांना चौकशी करायला सांगितलं. भगत दुसऱ्या महायुद्धातले व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी होते. चौकशीचे विषय ठरवून दिले होते: प्रशिक्षण, साधनसामग्री, कमांडची पद्धत, जवानांची शारीरिक क्षमता, अधिकाऱ्यांची कुवत. मंत्रालयाने काय ठरवलं, कुणाच्या सांगण्यावरून ठरवलं, लोकांना काय सांगितलं, हे त्या यादीत नव्हतं. २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी लोकसभेत अहवालाचा सारांश सांगितला. अहवाल मात्र ठेवला नाही. सीमेवर धोका आहे, सैन्याच्या मनोधैर्याचा प्रश्न आहे, हे कारण होतं. १९६३ मध्ये ते पटण्यासारखं होतं.

२०१० मध्ये संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांनी संसदेत जवळपास तेच सांगितलं: मजकूर अतिसंवेदनशील आहे आणि आजही लष्करीदृष्ट्या उपयोगाचा आहे. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियात राहणारे पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी आपल्याकडचा मोठा भाग इंटरनेटवर टाकून दिला. त्यानंतरही सरकारने तो अधिकृतपणे खुला केला नाही. यात पक्षाचा फरक नाही. विरोधात असताना मागायचा आणि सत्तेत आल्यावर कुलूप तपासायचं, हे सगळ्यांनी केलं. ब्रिटनने इराकबद्दलचा चिलकॉट अहवाल २०१६ मध्ये, सात वर्षं रेंगाळून का होईना, जनतेसमोर ठेवला. आपल्याकडेही कारगिलनंतर सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल काही भाग वगळून प्रसिद्ध झाला होता. म्हणजे जमतं, आपल्यालाही जमतं.

कृपलानी मात्र परत आले. मे १९६३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अमरोह्यातून पोटनिवडणूक जिंकून ते लोकसभेत पोचले आणि ऑगस्टमध्ये त्यांनी नेहरू सरकारविरुद्ध अविश्वास ठराव मांडला. स्वतंत्र भारतातला तो पहिला अविश्वास ठराव. ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. पण चार दिवस पंतप्रधानांना समोर बसून ऐकावं लागलं. उपनगरांनी ज्याला नाकारलं त्या माणसाने ते घडवून आणलं.

उपनगरांची पाळी १९६७ मध्ये आली. तोपर्यंत स. का. पाटील यांच्या प्रभावाखालच्या मुंबई काँग्रेसने मेनन यांना तिकीट नाकारलं होतं. ते पक्ष सोडून ईशान्य मुंबईतून, म्हणजे घाटकोपर-मुलुंडच्या पट्ट्यातून, अपक्ष उभे राहिले. डावे त्यांच्यासोबत होते. काँग्रेसने उभे केले स. गो. बर्वे: आयसीएस अधिकारी, पानशेतच्या पुरानंतर पुणे सावरणारे, राज्याचे मंत्री राहिलेले. आणि एक नवी गोष्ट होती. जून १९६६ मध्ये शिवसेना स्थापन झाली होती. तिने मेनन यांच्याविरुद्ध जोर लावला: दाक्षिणात्य, कम्युनिस्टधार्जिणा, बाहेरचा. मेनन सुमारे तेरा हजार मतांनी हरले. निकालानंतर थोड्याच दिवसांत बर्वे वारले. पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या आणि मेनन पुन्हा हरले.

एक लाख पंचेचाळीस हजारांच्या विजयापासून दोन पराभवांपर्यंत, पाच वर्षांत. चीनच्या पराभवाची शिक्षा मतदारांनी दिली, असं याचं वर्णन करता येतं आणि पुष्कळांनी केलं आहे. मला ते मान्य करायला आवडलं असतं. पण १९६७ मध्ये भिंतींवर जे रंगवलं होतं त्यात सहसचिवाच्या सहीचा आदेश नव्हता. ११ ऑक्टोबरची बैठक नव्हती. मेनन कुठून आले आहेत, हे होतं. मत म्हणजे एक बिट, शून्य किंवा एक. त्यात कारण साठवायला जागा नसते. अहवाल खुला असता तर निदान भांडण कशावर करायचं ते तरी कळलं असतं. तो नव्हता, म्हणून रिकाम्या जागेत ‘मद्रासी’ हा शब्द येऊन बसला. मेनन जबाबदार होते की नाही, हे आजोबांच्या पिढीला नीट कधी कळलंच नाही, आणि मेनन यांनाही आपली बाजू नीट मांडता आली नाही. ते पुढे बंगालमधून आणि मग केरळमधून पुन्हा खासदार झाले, १९७४ मध्ये गेले.

युद्धाच्या दिवसांत आजीने आपली एक अंगठी राष्ट्रीय संरक्षण निधीला दिली होती. चाळीत पेटी फिरली, बायकांनी बांगड्या काढून टाकल्या, हे तिने मला कितीदा सांगितलं. जानेवारी १९६३ मध्ये लतादीदींनी दिल्लीत नेहरूंसमोर जे गाणं गायलं, ते लिहिणारे कवी प्रदीप पार्ल्यात राहायचे. आमच्या घरी २६ जानेवारीला ते गाणं लागलं की आजी कामं थांबवायची. आजोबा मात्र रेडिओचा आवाज कमी करायचे. मला वाटायचं, त्यांना गाणं आवडत नाही.

शेवटच्या आजारपणात मी त्यांना मॅक्सवेलने टाकलेल्या पानांबद्दल सांगितलं, मोबाइलवर दाखवली. टाइपरायटरवरचा जुना मजकूर, काही ओळी पुसट. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं. त्यांनी बोटाने स्क्रीन वर-खाली सरकवली आणि विचारलं, ‘यात सुती कपड्यांचं लिहिलंय का?’

मी म्हटलं, साधनसामग्री नव्हती, असं लिहिलंय.

‘मग हे तेव्हा का नाही दाखवलं?’ ते म्हणाले, आणि मोबाइल मला परत दिला.